पार्व्हो : नवा आजार, जुने उपाय

"डॉक्टर, पिल्लाला पार्व्हो झालाय म्हणत्यात. घरात लहान लेकरं आहेत, त्यांना लागंल का?" थंडी सुरू झाली की धारूरमध्ये हा प्रश्न मला दरवर्षी ऐकू येतो. मी माणसांचा डॉक्टर. कुत्र्याला तपासणं आणि औषध देणं हे पशुवैद्यकाचं काम, त्यात मी हात घालत नाही. पण प्रश्न घरातल्या माणसांचा असतो, आणि या आजाराचा इतिहास माणसांच्या वैद्यकाशी जागोजागी गुंफलेला आहे. म्हणून हा लेख.

आधी उत्तर देतो. कुत्र्याचा पार्व्हो माणसाला होत नाही. 'पार्व्होव्हायरस' हे एका मोठ्या विषाणू-कुळाचं नाव आहे. लॅटिनमध्ये 'पार्व्हस' म्हणजे लहान, आणि हे विषाणू खरोखरच अतिशय लहान असतात. माणसाला होणारा पार्व्होव्हायरस वेगळा आहे. तो १९७५ साली लंडनमध्ये इव्हॉन कोसार्ट यांना रक्तनमुने तपासताना सापडला. 'बी' गटातला एकोणिसावा नमुना होता, म्हणून त्याचं नाव पडलं 'बी-१९'. लहान मुलांचे गाल थोबाडीत मारल्यासारखे लाल होतात, तो हा. तो कुत्र्यापासून येत नाही आणि कुत्र्याला जातही नाही. आडनाव एक, घरं वेगळी.

तरीही माणूस यातून पूर्ण सुटत नाही. आजार आपल्याला होत नसला तरी तो आपल्या चपलेला, हाताला आणि कपड्यांना चिकटून दुसऱ्या पिलापर्यंत जातो. एका बेवारस पिलाला मायेने उचलून घेणारी माणसंच पुष्कळदा नकळत तो पसरवतात. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

१९७८ : कुठून आला?

आपल्या आजोबांच्या लहानपणी हा आजार नव्हता. त्यांनी पाळलेल्या कुत्र्यांना डिस्टेंपर व्हायचा, रेबीज व्हायचा, जंतांनी पिलं मरायची. पण उलट्या, मग घाण वासाची रक्ताची हगवण आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू गार, हे चित्र जगाने मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा पाहिलं ते १९७८ साली. अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया, जपान अशा एकमेकांपासून दूर असलेल्या देशांत जवळजवळ एकाच वेळी कुत्री मरू लागली. लस नव्हती आणि कोणत्याच कुत्र्याच्या अंगात प्रतिकारशक्ती नव्हती, त्यामुळे लहान-मोठी सगळीच कुत्री आजारी पडत होती. काही पिलांना तर हगवणही लागायची नाही. चांगलं खेळणारं महिन्याभराचं पिल्लू अचानक कोसळायचं, कारण विषाणूने त्याच्या हृदयाच्या स्नायूवरच हल्ला केलेला असायचा.

शास्त्रज्ञांनी मग प्रयोगशाळांत साठवलेले कुत्र्यांच्या रक्ताचे जुने नमुने तपासले. सत्तरच्या दशकाच्या मध्यातल्या युरोपातल्या काही नमुन्यांत या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं सापडली. म्हणजे त्याचा जन्म गाजावाजा होण्याच्या थोडाच आधीचा. मांजरांना होणाऱ्या एका जुन्या जीवघेण्या आजाराचा विषाणू याचा अगदी जवळचा नातेवाईक आहे. त्या कुळातल्या एका विषाणूच्या कवचात थोडेसेच बदल झाले आणि त्याला कुत्र्याच्या पेशीचं दार उघडता येऊ लागलं. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात कॉलिन पॅरिश यांनी हे बदल कुठले ते वर्षानुवर्षं शोधलं. एक विषाणू एका प्राण्यातून दुसऱ्यात उडी मारतो आणि काही महिन्यांत जगभर पसरतो, ही गोष्ट २०२० नंतर तुम्हाला वेगळी समजावून सांगायची गरज नाही. कुत्र्यांनी ती आपल्याआधी चाळीस वर्षं भोगली होती.

किती दूर पोचला बघा. अमेरिकेत सुपिरिअर नावाच्या अवाढव्य सरोवरात 'आईल रॉयल' नावाचं बेट आहे. तिथे लांडगे आहेत आणि पाळीव कुत्री नेायला बंदी आहे. १९८० साली तिथे ५० लांडगे होते. १९८२ साली १४ उरले. माणसांबरोबर आलेला पार्व्हो हे त्याचं कारण मानलं जातं. पाण्याने वेढलेलं बेट सुटलं नाही, तिथे आपली गल्ली कशी सुटणार? भारतातून या आजाराच्या पहिल्या नोंदी १९८१-८२च्या सुमारास मद्रासहून आल्या. पुढे त्याचे '२ए', '२बी' आणि २००० साली इटलीत पहिल्यांदा सापडलेला '२सी' असे उपप्रकार निघाले. ही नावं ऐकून घाबरू नका. आजच्या चांगल्या लसी या सगळ्यांवर चालतात.

लस लवकर आली, हे नशीब. सुरुवातीला घाईघाईत मांजरांच्या आजाराची लसच कुत्र्यांना टोचली गेली. नातेवाईक विषाणू असल्याने तिचा काही प्रमाणात उपयोग झाला. मग कॉर्नेलमध्येच लेलँड कारमायकल आणि मॅक्स अॅपेल यांनी खास कुत्र्याच्या विषाणूपासून लस तयार केली, आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ती बाजारात आली. लस टोचलेल्या किंवा आजारातून वाचलेल्या कुत्र्या आया झाल्या आणि त्यांच्या चिकातून पिलांना प्रतिपिंडं मिळू लागली. त्यामुळे हृदयावर हल्ला करणारा तो प्रकार आज क्वचितच दिसतो. राहिला तो आतड्यांचा पार्व्हो, आणि तो मुख्यतः दीड ते सहा महिन्यांच्या पिलांचा.

पिल्लू नेमकं कशाने मरतं?

हा विषाणू भराभर वाढणाऱ्या पेशींच्या मागे लागतो. अशा पेशी आतड्याच्या अस्तरात असतात आणि हाडांच्या मगजात, जिथे पांढऱ्या रक्तपेशी तयार होतात. अस्तर सोलून निघालं की अन्न-पाणी शोषलं जात नाही, उलट अंगातलं पाणी आणि मीठच बाहेर पडतं. अस्तराची भिंत पडल्याने आतड्यातले जिवाणू रक्तात शिरतात, आणि नेमक्या त्याच वेळी त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात. लहान जीव, त्यात पोटात काही नाही, म्हणून रक्तातली साखरही उतरते. पिल्लू मरतं ते पाणी संपल्याने, रक्तात जंतू पसरल्याने आणि साखर उतरल्याने. विषाणूला थेट मारणारं गल्लीतल्या दुकानात मिळेल असं औषध नाही. पण या तीन गोष्टींना औषध आहे, आणि ते महाग नाही.

इथे थोडं मागे जाऊ. १८३२च्या मे महिन्यात स्कॉटलंडमधल्या लीथ बंदरात थॉमस लाटा नावाच्या डॉक्टरने पटकीने मरणाला टेकलेल्या एका म्हातारीच्या शिरेत मिठाचं पाणी सोडलं. तोवर पटकीवर रक्त काढणं हा मान्यताप्राप्त उपचार होता! बाईचे डोळे उघडले, नाडी लागली, बोलू लागली. लाटा निश्चिंत होऊन निघून गेले. काही तासांत उलट्या-जुलाब पुन्हा सुरू झाले, पुन्हा पाणी द्यायला कोणी नव्हतं, आणि ती गेली. शिरेतून दिलेल्या सलाईनचा इतिहास इथून सुरू होतो. पार्व्होत आजही नेमकी हीच चूक घडते. एक सलाईन लावलं, पिल्लाने शेपूट हलवली, घरचे म्हणाले 'बरं झालं', आणि दुसऱ्या दिवशी नेलं नाही.

दुसरी गोष्ट आपल्या देशातली. १९७१ साली बांगलादेश युद्धातले निर्वासित बंगालमधल्या बनगावला लोटले आणि छावण्यांत पटकी पसरली. सलाईनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांचं पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्याच हाती दिलं आणि चमच्या-चमच्याने पाजायला सांगितलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ३.६ टक्क्यांवर आलं. तेच आजचं ओआरएस. २०२२ साली ते गेले, आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. मला या गोष्टीत औषधापेक्षा 'नातेवाइकांच्या हाती दिलं' हे जास्त महत्त्वाचं वाटतं. उत्तम दवाखाना नसतानाही शिस्तीने केलेली साधी गोष्ट माणसं वाचवते, हे त्यांनी छावणीच्या चिखलात दाखवून दिलं.

कुत्र्यांच्या बाबतीत हेच सिद्ध व्हायला आणखी चाळीसेक वर्षं लागली. पार्व्होचं पिल्लू म्हणजे आठवडाभर दवाखान्यात भरती, चोवीस तास सलाईन आणि मोठं बिल, हाच पाठ होता. ज्यांना परवडत नाही त्यांना इंजेक्शन देऊन 'झोपवण्याचा' सल्ला मिळे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाने मग वेगळा प्रयोग केला. आधी शिरेतून सलाईन देऊन पिल्लू सावरायचं. मग अँटिबायोटिक, आणि रोज ठरलेल्या वेळी कातडीखाली सलाईन आणि उलटी थांबवण्याचं इंजेक्शन द्यायचं. पूर्ण भरती केलेल्या २० पिलांपैकी १८ वाचली, आणि या स्वस्त पद्धतीने १६. फरक आहे, पण काहीच न करण्याशी तुलना करा : उपचाराविना राहिलेल्या दहांपैकी नऊच्या आसपास पिलं जातात. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात तर एका निवारा संस्थेने २००८पासून बेवारस कुत्र्यांसाठी पार्व्होचा वेगळा वॉर्डच चालवला. साडेअकरा वर्षांत ५,१२७ कुत्री आली, ८६.६ टक्के वाचली. पहिले पाच दिवस काढले की बहुतेक पिलं तरतात, हेही त्यांच्या नोंदींतून पुढे आलं.

आणखी एक जुना समज इथे मोडतो. 'हगवण लागली की पोटाला आराम द्या, काही खायला घालू नका.' माणसांच्या बाळांबाबत हे सांगणं आम्ही केव्हाच सोडलंय. दक्षिण आफ्रिकेत २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पार्व्होच्या पिलांनाही पहिल्या दिवसापासून नळीने थोडं थोडं अन्न दिलं, तर ती उपाशी ठेवलेल्यांपेक्षा लवकर सावरली. घरी मात्र उलटी करणाऱ्या पिलाच्या तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. खाणं-पाणी कधी आणि किती द्यायचं ते पशुवैद्यकाला विचारूनच. आणि माणसांची जुलाब थांबवायची गोळी, पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन यांतलं काहीही देऊ नका. ताप आला म्हणून दिलेली आपली गोळीच पिलाचा जीव घेऊ शकते.

पकडगाडीपासून निवाऱ्यापर्यंत

लाटांनी लीथमध्ये सलाईन दिलं त्याच्या पुढच्याच महिन्यात, जून १८३२मध्ये, मुंबईत कुत्र्यांवरून दंगल झाली. मोकाट कुत्री मारण्यासाठी इंग्रज सरकार बक्षीस देत असे, आणि शिपाई बक्षिसाच्या लोभाने माणसांच्या दारातली कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक महत्त्व आहे. ते रस्त्यावर उतरले, दुकानं बंद झाली, सैन्य बोलवावं लागलं. पुढे १८७४ साली मुंबईत प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी संस्था उभी राहिली आणि परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं रुग्णालय झालं. ते आजही चालू आहे. पण मोकाट कुत्रा पकडला की मारायचा, हे धोरण मुंबईत १९९४च्या सुमारापर्यंत टिकलं. मग निर्बीजीकरण आणि रेबीजची लस हा मार्ग आला, २००१ साली त्याचे देशभरासाठी नियम झाले, आणि २०२३ साली ते नव्याने आले.

हे सगळं पार्व्होच्या लेखात का? कारण मारणं थांबलं तेव्हा कुत्री ठेवणं सुरू झालं. शस्त्रक्रियेसाठी आणलेली, अपघातातली, टाकून दिलेली अशी निरनिराळ्या गल्ल्यांतली कुत्री एका छपराखाली आली. पटकीला जशी छावणी, तसा पार्व्होला निवारा. नियमांत रेबीजची लस सक्तीची आहे, पार्व्होची नाही. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं अशा ठिकाणची मोकाट कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. तो आदेश योग्य की अयोग्य यावर मतं टोकाची आहेत, मी त्यात पडत नाही. पण एक डॉक्टर म्हणून सांगतो : पत्रे ठोकून जाळ्या लावल्या म्हणजे निवारा होत नाही. आलेल्या प्रत्येक कुत्र्याला दारातच लस आणि नव्यांसाठी चौदा दिवस वेगळी जागा, या दोन गोष्टी अंदाजपत्रकात नसतील तर तिथे पिलं राहणार नाहीत, फक्त मरतील.

धारूरचं कॅलेंडर

आपल्याकडे निवारा केंद्र नसलं तरी आजाराचं वेळापत्रक पक्कं आहे. भादव्यात कुत्र्यांचा हंगाम. तिथून नऊ आठवडे मोजा, कार्तिकाच्या आसपास गल्लोगल्ली पिलं. दिवाळी आटोपता आटोपता ऊसतोडीच्या गाड्या भरून तालुक्यातली निम्मी घरं बाहेर पडतात. ज्या दारात शिळी भाकरी मिळायची त्या दाराला कुलूप लागतं आणि आईचं दूध आटतं. पौष-माघात पिलं दीड-दोन महिन्यांची होतात. ऐन त्याच वेळी चिकातून आलेली प्रतिपिंडं विरायला लागतात. उपाशी, जंतांनी भरलेली, थंडीत कुडकुडणारी पिलं. पार्व्होला याहून सोपं सावज कुठलं? काही कुटुंबांची कुत्री गाडीबरोबर कारखान्यावर जातात आणि चैत्रात परत येतात. त्यांच्याबरोबर काय काय ये-जा करतं, याचा अंदाज तुम्हीच करा.

म्हणून लसीचं गणित समजून घ्या. पुष्कळ जण म्हणतात, "लस दिली होती, तरी गेलं." बहुतेकदा एकच डोस दिलेला असतो. आईकडून आलेली प्रतिपिंडं एका टप्प्यावर अशी असतात की लसीला निष्प्रभ करायला पुरेशी, पण खऱ्या विषाणूला अडवायला अपुरी. हा टप्पा प्रत्येक पिल्लात वेगळ्या आठवड्यात येतो. म्हणूनच सहा ते आठ आठवड्यांना सुरुवात करून दर दोन ते चार आठवड्यांनी, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत डोस द्यायचे असतात. निवाऱ्यात किंवा खूप पिलं असलेल्या जागी आणखी लवकर आणि जास्त वेळा. शेवटचा डोस चुकवू नका, तोच बहुधा कामाला येतो. एका डोसला काही शे रुपये लागतात. गल्लीतल्या चार-पाच घरांनी मिळून केलं तर जड नाही. लस थंडच हवी, २ ते ८ अंशांत. अंबाजोगाईहून आणायची तर बर्फाच्या डब्यात आणा, शर्टाच्या खिशात नको. पोलिओच्या वेळी आशाताईंच्या खांद्याला निळा डबा पाहिलाय ना, तसा.

स्वच्छतेत सगळ्यात मोठी गफलत होते. फिनेलचा वास आला म्हणजे जागा निर्जंतुक झाली, असं आपल्याला वाटतं. पार्व्होवर फिनेल चालत नाही, हाताला लावायचं अल्कोहोलचं सॅनिटायझरही भरवशाचं नाही. या विषाणूला मेदाचं आवरण नसतं, त्यामुळे तो चिवट असतो आणि सावलीतल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतो. त्याला मारणारी सर्वांत स्वस्त वस्तू ग्रामपंचायतीच्या माणसाला चांगली माहीत आहे, विहिरीत टाकायची टीसीएल पावडर. ताजी पावडर दहा लिटर पाण्याला साधारण ६० ग्रॅम. पाणी निवळू द्या आणि वरचं निवळ पाणी वापरा. आधी साबणाने घाण पूर्ण धुवा, कारण विष्ठेवर ओतलेलं क्लोरीन वाया जातं. मग हे पाणी शिंपडून दहा मिनिटं फरशी ओली राहू द्या. टीसीएलमध्ये संडास साफ करायचं अॅसिड कधीही मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. हातमोजे घाला, खिडक्या उघड्या ठेवा. वाटी, गोणपाट, पट्टा जाळता आला तर उत्तम.

रक्ताची हगवण म्हणजे दरवेळी पार्व्होच असं नाही. हुकवर्मसारख्या जंतांनीही तसं होतं. विष्ठेच्या चाचणीचं किट असतं, दहा-पंधरा मिनिटांत कळतं. पशुवैद्यकाकडे न्यायला उशीर होणार असेल तर पिलाला कोरड्या गोणपाटात गुंडाळून ऊब द्या, हिरड्यांवर थोडा मध चोळा. मात्र पिल्लू लाळ गाळत असेल, गिळता येत नसेल, विचित्र वागत असेल तर तोंडात बोट घालू नका, तो रेबीज असू शकतो. चावलं, ओरखडलं किंवा लाळ जखमेला लागली तर पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात या. बेवारस कुत्र्यांची नेहमी सेवा करणाऱ्या तरुणांनी रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेऊन ठेवावी, त्यासाठी मला किंवा तुमच्या जवळच्या डॉक्टरांना विचारा.

आणि ज्या घरात पार्व्होने पिल्लू गेलं, तिथे मुलांचं रडणं थांबवायला आठवड्याभरात दुसरं आणू नका. अंगण मातीचं असेल तर ते धुऊन निघत नाही. वर्षभर तिथे लहान पिल्लू नको. आणायचंच असेल तर लसीचे सगळे डोस झालेलं मोठं कुत्रं आणा.